सावडीची कवायत

सोपान गेल्याचं मला ओतूरला, भाजी घेत असताना कळलं. फोनवर भिवा होता, सोपानच्या होमगार्ड पथकातला. म्हणाला, "वैनी, घरी या. बाकी काय इचारू नका." मी म्हटलं, "विचारणारच. गेला का?" तो परत "घरी या" एवढंच म्हणाला, तेव्हा मी मेथीची जुडी खाली ठेवली आणि स्टँडवर गेले. सोपान विहिरीवर मोटार चालू करायला गेला होता, तिथंच बसला तो उठलाच नाही. चांगलं मरण आलं. अंथरुणावर पडून राहिला असता तर आम्ही दोघांनी एकमेकांचा जीव घेतला असता.

सोपान माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जायचा, त्यामुळे त्याला भावजी म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. पुढं माझा नवरा गेला, सोपानची बायको गेली, मुलं पुण्याला लागली. घरात आम्ही दोघंच, आणि दिवसभर भांडण. मातीला जमलेल्या माणसांत कुजबुज चालली होती की, "आता पथक मोडतंय." मला त्या बोलण्याचा राग आला, कारण ते खरं वाटत होतं. सोपानला मरणाची भीती नव्हती, पथक मोडण्याची होती.

होमगार्ड म्हणजे बारमाही नोकरी नव्हे. जत्रेला, निवडणुकीला, गणपतीला बंदोबस्ताला बोलावतात, एरवी ज्याची त्याची शेती आणि ज्याची त्याची मेंढरं. फक्त रविवारी ओतूरला कवायतीला जायचं. तिथंच घोडं अडायचं. कुणाची पाण्याची पाळी, कुणाची म्हैस व्यालेली, कुणाचा मेव्हणा आलेला. काही वर्षांमागं एका रविवारी तर सोपान आणि आणखी दोघंतिघं, एवढीच फौज. हजेरी अशीच राहिली तर तुमचं पथक लांबच्या पथकात मिळवून टाकू, असं वरून सांगणं आलं. तसं झालं असतं तर डोंगराकडची माणसं दोन एस.टी. बदलून कवायतीला गेली असती थोडीच? सोडूनच दिलं असतं सगळ्यांनी.

त्या दिवशी घरी येऊन सोपाननं टोपी कॉटवर टाकली. "वैनी, माणसं येत न्हाईत."

"कशाला येतील? गावात त्यांना काठीवाला शिपाई म्हणून हसतात. आणि तुझी कवायत बघायला मैदानात कुत्रं तरी असतं का?"

तो भाकरी खात बसला. त्याच आठवड्यात आमच्या वावरात कांद्याची लागण झाली होती, सावडीनं. आज सगळ्यांनी माझ्या वावरात राबायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. दुसऱ्याच्या वावरात दांडी मारायची कुणाची छाती होत नाही, कारण मग आपल्या बांधावर कुणी फिरकत नाही. सोपान एकदम चावायचा थांबला आणि हसायलाच लागला.

"वैनी, कवायत सावडीनं केली तर?"

"डोकं फिरलंय तुझं. जेव."

पण तो दुसऱ्या दिवशी होमगार्डच्या साहेबाकडं गेलाच. साहेब म्हणाले, कुठंही घ्या, पण माणसं दिसू द्या. मग ठरलं असं की दर रविवारी एकेकाच्या गावात कवायत, आणि ज्याचं गाव त्यानंच हुकूम द्यायचे. एरवी हुकूम देणारा सोपानसुद्धा त्या दिवशी रांगेत उभा.

पहिली पाळी भिवाची आली. मेंढरांमागं फिरणारा माणूस, चार माणसांत मान वर करून बोलत नव्हता. सोपान मला म्हणाला, "चल, मजा बघ." मी गेले. देवळापुढं सगळा गाव गोळा झाला होता, पोरं झाडावर चढली होती. पारावरून कुणीतरी ओरडलं, "भिवा, मेंढरं वळायची न्हाईत राव, माणसं हायती!" सगळे खिदळले. भिवाची आई माझ्या शेजारी पदर दातात धरून उभी होती. भिवा लाल झाला. मग त्यानं छाती भरली, आणि लांबच्या टेकडीवरचं मेंढरू परत बोलवायचा त्याचा जो आवाज, त्या आवाजात म्हणाला, "सावधान!"

रांगेचे बूट एकदम आपटले. पारावरचे गप्प झाले. देवळामागं चरत होती ती मेंढरंसुद्धा जागच्या जागी थांबली... मी पाहिलंय, खोटं सांगत नाही. भिवाची आई म्हणाली, "अगं बया, ह्यो आमचा हाय व्हय?" मग हसू आवरेना, तिलाही आणि मलाही. त्या दिवशी गावानं पथकाला पिठलं-भाकरी घातली आणि पारावरचा तो ओरडणारा पाण्याची कळशी घेऊन फिरत होता.

तिथून जी गाडी सुटली! जो भिवाच्या गावात गेला त्याला आपल्या गावात सगळे हवे होते. पाण्याची पाळी बायका बघायला लागल्या. मेव्हणेच कवायत बघायला येऊ लागले. "आमच्या गावाचा नंबर मागं का?" म्हणून एक बाई घरी येऊन सोपानशी भांडून गेली, आणि मी तिला चहा पाजला. पथक मिळवून टाकायचं बोलणं परत कुणी काढलं नाही. सोपान रविवारी पहाटे उठून शिट्टी वाजवत बुटाला पॉलिश करायचा, मी शिव्या द्यायचे.

त्यानं स्वतःची पाळी मात्र घेतली नाही. विचारलं की म्हणायचा, "सगळ्यांचं व्हऊ दे. आपलं घर कुठं पळून चाललंय?"

तेराव्यानंतरच्या रविवारी मी अंगणात दाणे निवडत होते. मनात म्हटलं, आज ओतूरला कुणी गेलं नसणार. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकली वाजायला लागल्या. एक, मग दुसरी, मग मोजायच्या सोडून दिल्या. सगळे वर्दीत. कुणी रडलं नाही, बरं झालं, मला ते चाललं नसतं. मला सूप उचलायला लावलं आणि अंगणात रांग धरली. सोपानची पाळी फेडायला आले होते. मग नुसते उभे. हुकूम कोण देणार? ज्याचं घर त्यानं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मला काय येतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"इतकी वर्षं शिव्या देत व्हता की," भिवा म्हणाला. "त्याच आवाजात द्या."

मी पदर खोचला आणि ओरडले, "सावधान!" बूट आपटले. अंगणातली धूळ पार गोठ्यापर्यंत उडाली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघू लागले. डोंगराकडचे, अलीकडचे, म्हैसवाला, कांदेवाला... रांग कुठं तुटलेली दिसेना.

"वैनी," भिवा ओठ न हलवता पुटपुटला, "आता इश्राम म्हणा की. पाय भरून आलं."

"उभा राहा गपचूप," मी म्हटलं. "सगळे आलेत का ते बघू दे आधी."