पाठमोरा गृहप्रवेश

टोको गावात अंधार पडल्यावर घरी येणारा माणूस उंबऱ्याशी वळतो आणि पाठमोरा आत शिरतो. मागं काही लागलं असेल तर ते बाहेरच राहतं. रॉल लेझामा जन्मभर तसाच घरी आला. पण अर्धांगाचा झटका आल्यावर इस्पितळातून आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती, पाऊल उचलत नव्हतं, आणि भाच्यांनी त्याला खुर्चीसकट तोंड पुढं करून आत नेलं. झाली की नाही पंचाईत!

तेव्हापासून त्याची बायको व्हर्ना स्वयंपाकघरात निजू लागली. भरवायची, पुसायची, सगळं करायची. पण त्याचा डावा पाय फरफटत जवळ आला की हिच्या अंगावर काटा.

"माझा रॉल कोकोच्या बियांवर नाचायचा," ती एकदा तोंडावर बोलली. "हे कोण घेऊन आलास घरात?"

वाळत्या बियांवर नाचून त्यांना चकाकी आणणारे ते पाय! आता डावा परक्याचा वाटे. डाव्या अंगाला कुणी उभं आहे, असंही वाटे. मान वळवली की नुसती भिंत. भीती त्यालाही होतीच.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी कविता रामलोगन त्याला दोन दांड्यांमध्ये उभं करी. "काका, भार डावीकडं टाका. टाका हो, पाय खात नाही तुम्हाला!" मग एक दिवस म्हणाली, "आता मागं चला. मागं डोळे कामाचे नाहीत, पायालाच जागं व्हावं लागतं."

बाकावरची व्हर्ना ताडकन उठली. "पोरी, आमच्या उंबऱ्यापर्यंत जमेल का गं त्याला असं? आलेलं बाहेर सोडायचंय."

पावसाळा सरता सरता जमलं. दिवेलागणीला तिनं त्याला फाटकाशी नेलं, रस्त्याकडं तोंड करून उभं केलं, काठी हातात दिली आणि आपण दारात जाऊन उभी राहिली.

"टाच मागं. हां. आता डावा."

पोटरी थरथरली, पण पाय टेकला आणि त्यानं भार पेलला. असं करत करत रॉल उंबरा ओलांडून आत आला.

आणि समोर फाटकाशी कुणी उभं दिसलं.

तो स्वतःच होता. ताठ, दोन्ही पाय भक्कम, पोटऱ्यांवर कोकोची धूळ. आत घे म्हणून हात पुढं केलेला.

"गेलं का रे ते?" व्हर्नानं पाठीमागून विचारलं.

रॉलला हुंदका आला. फाटकाशी त्या पायांनी अलगद एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात व्हर्नानं, कितीतरी महिन्यांनी, मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गेलं," रॉल म्हणाला, आणि त्यानं आपल्या हातानं दार लावून घेतलं.