लेबलं लावण्याचे दिवस

बारामतीतल्या ज्या कार्यालयात मी सर्व्हर सांभाळते, तिथून रोज पहाटे बागायतदारांच्या फोनवर एक संदेश जातो. पान किती तास ओलं राहिलं, हवा किती दमट आहे, आज फवारणी करावी की थांबावं. बागांच्या बांधावर उभी केलेली हवामान केंद्रं माहिती पाठवतात. एक प्रोग्राम ती वाचतो, दुसरा संदेश पाठवतो. तिसरं आमचं संकेतस्थळ. शेतकरी तिथं डाग पडलेल्या पानाचा फोटो टाकतात आणि उपाय विचारतात.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली, आणि तेव्हा ती चूक वाटलीही नाही. सर्व्हरमध्ये एसईलिनक्स नावाचा पहारा असतो. प्रत्येक फाईलला आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला तो लेबल लावतो. कुठल्या लेबलानं कुठल्या लेबलाला हात लावायचा, हे आधी ठरलेलं असतं. जे ठरलेलं नाही ते होत नाही. आमचा संदेश पाठवणारा प्रोग्राम त्यानं अडवला होता. मी ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारलं. तो चहा पीत होता. "बंद करून टाक. सगळे तेच करतात," तो म्हणाला. एक ओळ बदलली, सर्व्हर परत चालू केला, संदेश जाऊ लागले. त्या दिवशी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी, आमच्या नंबरावरून एक संदेश गेला. तो आमच्यापैकी कुणीच लिहिला नव्हता. ट्रॅक्टरवर खास सवलत, खालच्या लिंकवर दाबा. कुणीतरी परका संकेतस्थळावर फोटो टाकायच्या जागी फोटोचं सोंग घेतलेली फाईल टाकून आत शिरला होता. आतमध्ये त्याला अडवणारं काहीच नव्हतं. फोटोच्या फोल्डरमधून तो सरळ संदेशांच्या प्रोग्रामपर्यंत चालत गेला होता.

बहुतेकांनी तो संदेश पुसला. वरकुट्याच्या आबांनी मात्र लिंक दाबली. डाळिंबाच्या बागेत पहिलं हवामान केंद्र उभं करू देणारे ते. आमच्याकडून आलेलं खरंच असणार, असं धरून चालणारे. त्यांचा फोन बिघडला, सुनेला तो पूर्ण रिकामा करावा लागला, आणि लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. त्यानंतर आबांनी आमचे संदेश उघडणंच सोडलं. काही आठवड्यांनी सलग दमट दिवस आले. आम्ही डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा इशारा दिला. तो त्यांच्या फोनमध्ये न वाचलेला पडून राहिला आणि बागेच्या खालच्या अंगाची फळं डागाळली.

मी सर्व्हर पुसून पहिल्यापासून उभा केला. पहारा चालू केला, पण आधी सौम्य पद्धतीनं. त्या पद्धतीत तो कुणाला अडवत नाही, फक्त लिहून ठेवतो की याला मी अडवलं असतं. तीन आठवडे मी त्या ओळी वाचत होते. दुपारी खोलीत पंख्याची एकसारखी घरघर असायची, खिडकीबाहेर उन्हात चिंच हलायची, आणि पडद्यावर ओळी वर सरकत राहायच्या: याला ती फाईल वाचायची होती, त्याला त्या दारानं बाहेर जायचं होतं. वाचता वाचता डोळे जड व्हायचे आणि प्रोग्राम मला माणसांसारखे दिसू लागायचे. आपापल्या कामाला निघालेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

वरकुट्याच्या केंद्राचा पान ओलं झाल्याचं सांगणारा भाग बंद पडला, म्हणून त्याच दिवसांत मी इंदापूरच्या एसटीनं निघाले. खिडकीपाशी डुलकी लागली. अर्धवट झोपेत मला सगळ्यांवर लेबलं दिसत होती. उसावर, कालव्याच्या पाण्यावर, पाण्याकाठच्या बगळ्यावर. बगळ्याला पाणी पिण्याची मुभा होती, दारं उघडण्याची नव्हती. जाग आली तेव्हा माझं मलाच हसू आलं.

आबा बांधावर बसले होते. मी भाग बदलला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आबा, चूक माझी होती," मी म्हणाले. "पहारा मीच बंद केला होता."

त्यांनी विचारलं, "आता चालू केलास?"

"करतीय. कुणी कुठं जायचं ते लिहून काढतीय."

"आन् तू? तू तर तिथली सायेब. तुला कोण अडवनार?"

"नेम एकदा लागू झाला की माझ्या नावानं चालू केलेला प्रोग्रामबी अडतो, आबा. मालक कोण ते तो बघतच न्हाय. नेम बदलायचा तर उघड बदलावा लागतो, आन् त्याची नोंद राहती."

"हे बरं हाय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "पर फोटो काय परत येत न्हाईत."

मी मान खाली घातली. सुनेनं चहा आणला. तो पिऊन मी निघाले.

नोंदींवरून नियम सुचवणारं एक साधन असतं. आंधळेपणानं त्याचं ऐकलं तर ते सगळीच दारं उघडून देतं. एके दिवशी त्यानं सुचवलं की संकेतस्थळाला माझ्या घरच्या फोल्डरातल्या फाईली वाचू द्या. मी चक्रावले. मग कळलं, फोटोंच्या काही जुन्या फाईली मी माझ्या फोल्डरातून तिकडं हलवल्या होत्या, आणि हलवलेली फाईल जुनंच लेबल घेऊन येते. लग्नानंतर कित्येक वर्षं माझ्या रेशनकार्डावर माहेरचा, वडगाव निंबाळकरचाच पत्ता होता, तसं. नियम सैल करायची गरजच नव्हती. फाईलींना नव्या जागेचं लेबल लावलं आणि तक्रार थांबली.

शेवटी नियम तयार झाले. संकेतस्थळानं फोटो घ्यायचे, त्यांच्याच फोल्डरात ठेवायचे, आणि त्या फोल्डरातलं काहीही चालवायचं नाही. संदेशांच्या प्रोग्रामकडं त्यानं वळूनही बघायचं नाही. एका पहाटे मी पहारा पूर्ण लागू केला आणि नोंदी बघत बसले. केंद्रांची माहिती आली. ती वाचली गेली. संदेश मात्र अडला. पाठवणाऱ्याला ज्या फाईलीत रोजची नोंद लिहायची होती, ती दर महिन्याला नवी तयार होते, आणि माझे तीन आठवडे नेमके त्या तारखेच्या अलीकडं संपले होते. सहकारी मागं उभा होता. "बंद कर थोडा वेळ," तो हळूच म्हणाला. मी नाही म्हणाले. तेवढ्या एका फाईलीपुरती मुभा लिहिली. संदेश उशिरा गेला, पण गेला.

काही महिन्यांनी नोंदी चाळताना एक ओळ दिसली. संकेतस्थळानं फोटोंच्या फोल्डरातली एक फाईल चालवू पाहिली होती आणि तिला नकार मिळाला होता. पुन्हा कुणीतरी आलं होतं आणि त्याला पुढं जाता आलं नव्हतं. फाईल काढून टाकली, ज्या फटीतून ती आली ती बुजवली. बाहेर कुणालाच काही कळलं नाही. त्या दिवशीही बागायतदारांनी संदेश वाचले आणि पंप पाठीला लावून ते कामाला लागले.

आबा आजही आमचा संदेश उघडत नाहीत. पण त्यांच्या सुनेनं स्वतःचा नंबर आमच्या यादीत घालून घेतलाय. सकाळी ती अंगणातून मोठ्यानं वाचते: पान अकरा तास ओलं. मग आबा काय करतात, ते ती फोनवर सांगत होती. ते उठतात, झाडाजवळ जातात, पानाला बोट लावतात, आणि हात धोतराला पुसत म्हणतात, "बरोबर हाय."