भिंतीसमोरची वाळू

आईला समुद्र पुन्हा पाहायचा होता. बाबा रेल्वेत असताना ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात तिने तो एकदाच पाहिला होता. या हिवाळ्यात आम्ही दोघी रायपूरहून तिकडे निघालो.

"येवढी वाळू होती, पाण्यापर्यंत चालता चालता पाय दुखून आले होते माहे," गाडीत ती सांगत होती.

मी पाण्याला लागून असलेलं हॉटेल घेतलं होतं. खिडकीखाली दगडी भिंत होती आणि लाटा थेट तिच्यावर आदळत होत्या.

"काहून वं, वाळू कुठं गेली?"

"भरती असेल," मी म्हणाले.

ओहोटीला पायऱ्या उतरलो. खाली जाड, खडबडीत वाळूची अरुंद पट्टी होती. बाजूला हॉटेलवाल्यांनी समुद्रात दगडांचा बांध घातला होता. त्याच्या पलीकडे वाळू साठली होती, आमच्याकडची वाहून गेली होती. आईने साडी खोचली आणि ती घोटाभर पाण्यात उतरली. आणखी एक पाऊल टाकलं तर तळच लागेना. ती छातीपर्यंत पाण्यात गेली. परतणारी लाट तिला आत ओढू लागली.

मी ओरडले. पायऱ्यांवर सुकी मासळी विकणारी बाई धावत आली. आम्ही दोघींनी आईला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"मौसी, इधर मत उतरो," ती धापा टाकत म्हणाली. "दीवार बनी, तब से लहर नीचे का बालू खींच ले जाती है."

तिचं नाव सुशीला. तिने आम्हाला घरी नेलं, आईला कोरडी साडी नेसवली, गरम भात आणि माछ झोळ (मासळीचा पातळ रस्सा) वाढला. बांधाच्या आडोशाला तळाशी आता चिखल बसतो, जाळ्यात तोच येतो, म्हणून नवरा फार लांब जातो, असं तिने सांगितलं. आई बराच वेळ तिचा हात धरून बसली होती.

रायपूरला परतल्यावर शंकर नगरच्या मावसबहिणीने मुलांना घेऊन जायचं म्हणून हॉटेलचा नंबर मागितला.

"व्ह्यू कैसा है, दीदी?"

"समुद्र अगदी खिडकीखाली," मी म्हणाले. तो तिथवर का आला, तेही सांगितलं. आमच्यासारख्यांना तो जवळून दिसावा म्हणूनच ती भिंत उभी होती. तिने ऐकून घेतलं आणि तरीही खोली ठरवली.

आई तिला म्हणाली, "जाय, पण पोट्ट्यायले पाण्यात उतरू नको देजो. तिथं पाय टेकत नाही आता."