गप्प बसणारं कॅबिनेट

आमच्या दुकानात कॉम्प्युटर जोडणाऱ्या काकांना सगळे कानसेन म्हणत. गिऱ्हाइकाने "सीपीयू दाखवा" म्हटलं की काका आधी त्याला झापत. "हा डबा आहे. डब्याला कॅबिनेट म्हणतात. सीपीयू आत असतो, एवढासा." मग एकेक कॅबिनेट चालू करून पत्र्याला कान लावत. समोर काच असलेलं दिसायला झकास, पण आतल्या आत गुदमरतं. स्पंज लावलेलं गप्प बसतं, पण तापतं. काका शोधत ते पुढे जाळी असलेलं, मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यांचं. "आज कुरकुरतोय, सहा महिन्यांत बोंबलणार," असं एखाद्या पंख्याला म्हणत. आणि तो बोंबलायचाच! बावीस वर्षांत त्यांनी निवडलेलं एकही कॅबिनेट परत आलं नव्हतं.

मग एका महिन्यात तीन आली. तिसरं घेऊन आलेल्या बाई घरी बसून गोष्टी रेकॉर्ड करायच्या. "माझ्या प्रत्येक वाक्यामागे घरघर येतेय हो!" काकांनी कान लावला. "कुठे? अगदी गप्प आहे." ती घरघर मला काउंटरवर ऐकू येत होती. मी मूग गिळून बसले.

मालकाला काकांना काढायला निमित्तच हवं होतं. मेला, सरळ सांगेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी त्याने दोन कॅबिनेट टेबलावर ठेवून वर चादर टाकायला लावली आणि मला म्हणाला, "दोन्हींची बटणं बंदच ठेव. गंमत बघू." मी ठेवली. नोकरी मलाही हवी होती.

"कानसेन, यातलं चांगलं कुठलं ते सांगा. बरोबर निघालं तर राहा, नाहीतर घरी बसा."

काकांनी डोळे मिटले. चादरीवरून एकेकाला कान लावला, बराच वेळ. "डावं घ्या. उजव्याचा मागचा पंखा घासतोय."

दुकानात हशा पिकला. काकांना वाटलं, शाबासकीच आहे. तेही हसले. मालकाने चादर ओढली आणि दोन्हींची बंद बटणं त्यांना बोटाने दाखवली. "उद्यापासून येऊ नका."

काका माझ्याकडे आले. "पोरी, बटणं तुझ्याकडे होती ना? चालू होती ना दोन्ही? यानेच नंतर बंद केली असणार." त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मी हो म्हणून मान हलवली. वाटलं, एवढं समाधान तरी घेऊन जाऊ देत घरी.

पण ते गेले नाहीत. ताठ उभे राहिले आणि मालकावर कडाडले, "हिला विचारा! ही खोटं बोलायची नाही."

मालक हसत माझ्याकडे वळला. "काय गं?"

"बंद होती," मी पुटपुटले.

काकांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने सांग पोरी. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मग मी तेच ओरडून सांगितलं.