गोविंदरावांचे तीन शेरे आणि माझा एक

श्री. गोविंदरावांची आणि माझी पहिली ओळख सिहोऱ्याच्या शाळेत झाली. ते मागच्या बाकावर बसले होते, मी फळ्यापाशी उभा होतो. मी नागरिकशास्त्राचा नवा शिक्षक. ते विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक, माझा पाठ पाहायला आलेले. कायदा, न्यायालय, शिक्षा, सुधारणा असे चार चौकोन मी खडूने काढले आणि बाणांनी जोडले. तास संपल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्या त्या चौथ्या चौकोनात कधी गेला आहात का?"

"नाही, सर."

"मग शनिवारी चला. डबा आणू नका, तिथेच जेवू."

आणीबाणी उठून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दुय्यम कारागृहाचे ते अशासकीय अभ्यागत होते. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हे पद पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे समजावून सांगतो. अभ्यागत हा सरकारने नेमलेला, पण सरकारचा नोकर नसलेला नागरिक. त्याला पगार नाही. त्याने वाटेल त्या दिवशी न कळवता कारागृहात जावे, स्वयंपाकघर पाहावे, बंद्यांशी बोलावे आणि जे दिसले ते तेथील नोंदवहीत शेरा म्हणून लिहावे. तो शेरा अधिकाऱ्याने आपल्या खुलाशासह वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा असतो. अभ्यागताला हुकूम देता येत नाही. पाहणे आणि लिहिणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि एवढे जरी नीट झाले तरी ही किती सुंदर योजना आहे, असे मला तेव्हा वाटले. आजही वाटते.

गोविंदरावांनी या कामाची एक पद्धत घडवली होती. अधिकाऱ्याच्या टेबलावर मांडलेल्या नमुन्याच्या ताटाला ते हात लावत नसत. बंद्यांच्या पातेल्यातून वाढून घेत. दुसरे म्हणजे, 'तक्रार' हा शब्द ते कधी उच्चारत नसत. आपल्या झाडीपट्टीतला माणूस साहेबासमोर तक्रार सांगत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या पहिल्या शनिवारी जेलर शेजारीच उभे होते. गोविंदरावांनी एका म्हाताऱ्या बंद्याला सहज विचारले, "बाबाजी, रात्री कोणत्या कुशीवर झोपता?"

"डाव्या, जी."

"उजवी दुखते का?"

"दुखत नाही जी. पन एकानं कूस फेरली का साऱ्याईले फेरा लागते. मंग लोक शिव्या देतेत ना बाप्पा!"

सगळी कोठडी हसली. जेलरही हसले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी जेल तपासून राहिले का याईचा अभ्यास घेऊन राहिले?" त्या एका उत्तरावरून गोविंदरावांनी कोठडीची लांबी-रुंदी आणि डोकी मोजली, आणि शेऱ्यात निव्वळ आकडे लिहिले. विशेषण एकही नव्हते.

आता मुरलीधर यांच्याविषयी. ते दिघोरीचे धानकरी, म्हणजे भातशेती करणारे. तलावाच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत त्यांना अटक झाली होती आणि खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्यांच्या टाचेत बांबूचा खुंट घुसून जखम झाली होती. गोविंदरावांनी पहिल्या भेटीत लिहिले, 'जखम बोटभर खोल, पू आहे, मोठ्या दवाखान्यात पाठवावे.' दुसऱ्या भेटीत लिहिले, 'घोट्यापर्यंत सूज, ताप, पाठवलेले नाही.' तिसऱ्या शेऱ्यात दोनच वाक्ये होती: 'पायाला वास येतो. उशीर झाल्यास पाय जाईल.' प्रत्येक वेळी खुलासा आला की पहाऱ्याला शिपाई उपलब्ध नाहीत.

याच सुमारास, त्यांच्याच शिफारशीवरून, मी दुसरा अभ्यागत नेमला गेलो होतो. सव्वीस जानेवारीला जेलरांचे निमंत्रण आले आणि मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. भिंतींना ताजा चुना होता, झेंडावंदन झाले, बुंदी वाटली. आजारी बंदी मागच्या खोलीत 'आराम करत' असल्याचे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले. रांगेसमोर उभे राहून मी वर्गात विचारतो तसे विचारले, "कुणाची काही तक्रार आहे का?"

"नाही जी!" सगळे एका सुरात म्हणाले.

मी नोंदवहीत लिहिले, 'व्यवस्था समाधानकारक. बंदी आनंदी दिसले.'

पंधरा दिवसांत वरून उत्तर आले. दोन अभ्यागतांच्या शेऱ्यांत तफावत असून अलीकडील शेरा समाधानकारक असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही, असे त्यात होते. गोविंदराव ते पत्र हातात घेऊन शिक्षकखोलीत आले.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. "आनंदी कशावरून लिहिलंत?"

"हसत होते, सर."

"तोंडात बुंदी होती, मास्तर. हसतील नाही तर काय?"

त्याच दुपारी ते तहसील कचेरीत जाऊन बसले, दुसऱ्या दिवशीही बसले, आणि तिसऱ्या दिवशी दोन शिपाई मिळवून मुरलीधरांना दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. आठवडाभर आधी आणले असते तर फक्त टाचेवर निभावले असते, असे ते म्हणाले. पुढे मुरलीधर निर्दोष सुटले. चिखलात उभे राहून धानाची रोवणी करणे मात्र त्यांच्या नशिबातून गेले. गोविंदरावांनी पुढची पाच वर्षे रोवणीच्या हंगामात दिघोरीला जाऊन त्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, स्वतः रोवणी केली. बाया त्यांना म्हणत, "गुरुजी, तुमची ओळ वाकडी चालली!" आणि ते उपटून पुन्हा लावत.

त्यांच्या अभ्यागतपदाची मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. माझी दोनदा वाढवली गेली. शासनाला कोणता अभ्यागत हवा असतो, याचे याहून सोपे उदाहरण मला विद्यार्थ्यांना देता आले नसते.

त्यांच्या षष्ट्यब्दीचा हा ग्रंथ निघतो आहे, याचा आनंद मला आहेच. पण संपादक मंडळाने 'तो कारागृहाचा विषय थोडक्यात आटपा, समारंभाला साहेब येणार आहेत' असे कळवले, तेव्हा मी या लेखातले बाकीचे सारे आटपले. शाळेची प्रयोगशाळा, वाचनालय, त्यांचे विद्यार्थी यांवर इतर मान्यवर लिहितीलच. आपण सारे त्यांचे चाहते आहोत. त्या तीन शेऱ्यांच्या काळातही होतो. त्या दिवसांत त्यांच्याबरोबर तहसील कचेरीच्या बाकावर बसायला आपल्यापैकी कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. मला तास होता.

मी शासनाकडे एक अर्ज तयार केला आहे. माझी नेमणूक रद्द करून माझ्या जागी श्री. गोविंदरावांना पुन्हा नेमावे, एवढीच त्यात मागणी आहे. गेले तीन महिने तो घेऊन मी आपल्या मंडळींच्या घरी फिरलो. चहा सर्वांनी दिला. अर्जावर आजवर माझी सही आणि मुरलीधरांचा अंगठा आहे. समारंभाच्या दिवशी मंडपाच्या दाराशी मी तो घेऊन बसेन.

गोविंदरावांना निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि कारागृहाच्या त्या ठेंगण्या दारातून वाकून आत जाण्याइतके बळ त्यांच्या गुडघ्यांत पुष्कळ वर्षे टिको. तिथे आजही माणसे दाटीने झोपतात, आणि त्यांना पाहायला जाणारा अभ्यागत तूर्त मीच आहे.