काळू नदीचं उत्तर

अंगात येणं, बाहेरची बाधा, झपाटणं... मी असलं काहीच मानत नाही. ‘मानत नव्हते’ असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर आजही मानत नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे! मी नर्स आहे. माणूस भलतंच काही बोलायला लागला की आधी ताप बघायचा, साखर बघायची, ही माझी सवय. गावाला जत्रेत एखाद्या बाईच्या अंगात आलं की बाकीचे हात जोडायचे आणि मी तिची नाडी किती पळत असेल याचा विचार करायचे. तर अशा बाईच्या बाबतीत जे झालं ते लिहितेय. ज्याला कारण सुचेल त्याने जरूर सांगा.

माझं नाव रोशनी. गाव किन्हवलीजवळ, तालुका शहापूर. कल्याणला नर्सिंग केलं, थोडी वर्षं तिथेच नोकरी केली आणि मग आयर्लंडला आले. कॉर्क नावाचं शहर आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये मी काम करते. आमच्या घरातून विमानात बसलेली मी पहिलीच. पहिला महिना तर नुसती हवेतच होते — स्वतःच्या पगाराचं जॅकेट, स्वतःच्या नावाचं बसकार्ड, कपाळावर येणारा तो बारीक थंड पाऊस, आणि आमच्या वॉर्डातले आजोबा ज्यांना ‘रोशनी’ म्हणता यायचं नाही म्हणून ते मला ‘रोझी’ म्हणायचे. सगळंच नवीन, सगळंच भारी!

वांजिरू मला बसमध्ये भेटली. ती केनियाची, आमच्याच नर्सिंग होममध्ये केअरर, म्हणजे मदतनीस, पण तोपर्यंत नुसतं हाय-हॅलो होतं. ड्युटी संपवून आम्ही दोघी एकाच बसमध्ये चढलो. ती बसली म्हणून मला वाटलं बस बरोबर आहे. मी चढले म्हणून तिला वाटलं बरोबर आहे. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरने लाइट बंद केले तेव्हा समोर समुद्र! दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो... तिथेच एका टपरीवर गरम चिप्स घेतल्या, व्हिनेगर मारून, आणि परतीची बस येईपर्यंत तिने मला तिचं सगळं खानदान सांगितलं, मी तिला माझं. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याच फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिसरी पार्टनर मॅरिसेल, फिलिपिन्सची, तीही नर्स. तिला कराओकेचं वेड. भात तिघींनाही लागायचा, त्यामुळे कुकर मोठा घेतला. चपात्या मी करायचे, भांडी वांजिरूकडे, बाथरूम मॅरिसेलकडे. एकीची आई आजारी पडली की तिघी जाग्या, एकीचा व्हिसा रिन्यू झाला की तिघींना केक. परदेशात एकटं वाटतं म्हणतात. मला तर कल्याणच्या हॉस्टेलपेक्षा तिथे जास्त घरच्यासारखं वाटायला लागलं.

मग माझ्या धाकट्या भावाचं, निलेशचं लग्न ठरलं. मुलगी मुरबाडची. मी सुट्टी टाकली तशी वांजिरूनेही टाकली! म्हणाली, “तुझ्या घरचं लग्न मी फोटोत बघू का?” मॅरिसेलला सुट्टी मिळाली नाही, ती विमानतळावर अक्षरशः रडली.

निलेश गाडी घेऊन मुंबईला आला होता. शहापूरच्या बाजारात आम्ही थांबलो तर वांजिरूभोवती ही गर्दी! तिने हिरव्या बांगड्या भरल्या, कासाराला “थँक यू काका” म्हणाली. काका खूश. आईला एकच चिंता. “गो, तुझे मैतरनीला खायाला काय घालू?” पण वांजिरूने तांदळाची भाकरी आणि सुकट असं काही हाणलं की आई बघतच राहिली. तिच्याकडेही अशीच वाळवलेली बारीक मासळी खातात म्हणे.

आता मुख्य गोष्ट.

मांडवाच्या दिवशी सकाळी आमच्याकडे घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना आंब्याची डहाळी लावायची, आणि सवाष्णींनी मिळून हळद कांडायची. तेव्हा धवलारीण धवले म्हणते. धवले म्हणजे लग्नाची जुनी गाणी. आमची धवलारीण चांगुणाकाकी, शेजारच्याच आळीतली. आवाज असा की माइक लागत नाही. आमच्या घरात समजूत अशी की धवला चालू असताना मुसळ खाली ठेवायचं नाही. पाच जणींनी हात लावलेला, धवला संपेपर्यंत तो तसाच राहायला हवा.

काकी एकेकाला आवतण देत होती. आवतण म्हणजे आमंत्रण. आधी देवांना, मग डोंगराला, झाडांना, मग नदीला. वांजिरू बाजूला खाली बसून व्हिडिओ काढत होती. काकी म्हणाली,

काळू नदीला आवतान गेला गो
नदी बोलं, कशी येऊ मांडवाला गो...

आणि ती थांबली. हे दर लग्नात होतं. पुढचं उत्तर तिला येत नाही. तिच्या सासूला यायचं, पण सासू वारली तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते, आणि काकीने ते कधी नीट शिकून घेतलं नव्हतं. बऱ्याच गावांत विचारून झालं, कुणालाच आठवत नाही. म्हणून काकी तिथे मुसळाला हात लावते, “माफ कर गो माय” म्हणते आणि पुढच्या आवतणाला जाते.

काकीने हात पुढे केला. आणि वांजिरू गायला लागली!

माझे पाय पान्याचे, वाट भिजंल गो
माझे पाय पान्याचे, अंगन भिजंल गो...

उच्चार वाकडेतिकडे, ‘पान्याचे’चं ‘पानेची’ झालेलं. पण चाल... चाल काकीचीच. मोबाइल धरून, मान डोलवत, जणू अंताक्षरीत तिची पाळी आलीये.

काकीचा हात मुसळावर तसाच.

“ह्योच,” ती म्हणाली. “ह्योच गो! सासू ह्योच बोलायची!” मग वांजिरूकडे वळून, “बाय, तुला कोनी शिकवला?”

मी विचारलं. वांजिरूला प्रश्नच कळेना. “कुणी म्हणजे? तूच!”

मला वाटलं मस्करी करतेय. मला गाणं येत नाही. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. आणि हे उत्तर मला कुठून येणार? काकीला येत नाही. माझी आई भिवंडीकडची, तिला इकडचे धवलेच माहीत नाहीत. मी वांजिरूला तसं सांगितलं.

“रोशनी, तू रोज म्हणतेस,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. “चपात्या लाटताना. मला वाटायचं तुमच्याकडचं चपातीचं गाणं असेल.”

मला पटेना. पण लगेच डोक्यात आलं, थांब, साक्षीदार आहे! मॅरिसेल!

मी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे दुपार होत आलेली, तिकडे सकाळ. मॅरिसेल नाइट ड्युटी संपवून बसस्टॉपवर उभी, टोपी कानांवर ओढलेली. वांजिरूला मी खूण करून गप्प बसवलं. मॅरिसेलला काही सांगितलंच नाही, फक्त विचारलं, “मी स्वयंपाक करताना काय करते ग?”

“गातेस,” ती म्हणाली. “का? आता बंद करणारेस का? प्लीज नको, मला आवडतं.”

“काय गाते?”

आणि त्या थंडीत, बसस्टॉपवर, मॅरिसेल गायली. नदीचे पाय, भिजणारी वाट, भिजणारं अंगण, सगळं. तिचा आवाज तर काय, कराओकेत कमावलेला. वांजिरू जिथे थांबली होती तिथे ती थांबली नाही. पुढे गेली —

कलशी धाडा बाय, तिच्यात बसंन गो
वरमायच्या डोईवर मांडवा येईन गो...

बायांनी जो गलका केला! काकीने माझ्या हातातून फोन घेतला, स्क्रीनला नाक लागेल इतका जवळ धरला. “परत बोल गो, बाय! परत बोल!” मी इंग्रजीत ओरडतेय, “अगेन, मॅरिसेल, अगेन!” मॅरिसेलला काहीच कळत नाहीये, पण ती परत म्हणतेय. तिच्या मागे उभा असलेला एक आयरिश म्हातारा टाळ्या वाजवतोय. आणि इकडे मुसळ धरलेल्या पाच सवाष्णी... त्यांचे हात भरून आलेले, पण एकीनेही सोडलं नाही. माझी आत्या तर ओरडली, “शिकून घे ना गो लवकर, माझा खांदा गेला!”

काकीने पूर्ण धवला पहिल्यापासून म्हटला. नदीला विचारलं आणि नदीने उत्तर दिलं. मगच मुसळ खाली ठेवलं. काकीचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. मग आईला पाटावरून उठवून तिच्या डोक्यावर पाण्याची कलशी दिली आणि मांडवाला एक फेरी घालायला लावली. ही प्रथा आधी कधी होती की काकीने तेव्हाच काढली, कोण जाणे.

पण कलशी उतरवून ठेवल्यापासून आई गप्पच होती. लग्न थाटात झालं, वांजिरू वरातीत मुरबाडच्या पोरींना नाच शिकवून आली, तरी आईचा चेहरा उतरलेलाच. पाहुणे गेल्यावर तिने मला मागच्या पडवीत बोलावलं.

“तू नको जाऊ परत,” ती म्हणाली. “हिकडंच नोकरी बघ. शहापूरला बघ, कल्याणला बघ.”

“अगं पण का?”

“तू बोलतेस आनी तुलाच ठाव नाय, ह्याला काय म्हनायचा? देवरुष्याला दाखवू पयला.”

मी चिडले. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवते, म्हटलं, आणि खरंच दाखवलं. सगळं नॉर्मल. आईला ते पुरेना. तिकिटाची तारीख जवळ येत होती, आणि माझी आई एकदा अडून बसली की मी विमानात बसू शकत नाही, हे मला माहीत होतं. दोघींचं बोलणं बंद. वांजिरू बिचारी मध्ये, दोघींनाही चहा नेऊन देत होती. “माझ्यामुळे झालं,” म्हणत होती.

शेवटी काकीच आली. आईसमोर बसली, पानाचा तोबरा बाजूला सारला.

“भ्यालीस?”

“भेनार नाय तं काय? पोरीच्या अंगात कायतरी हाय.”

“अंगात काय नाय. तोंडात हाय. आनी वंगाळ नाय, लगनाचा हाय. तिकडं जाऊन पोर आपल्या नदीचा गाना बोलते, तं तुला रडू कशाचा येते?”

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग उठली आणि माझ्या बॅगेत तांदळाचं पीठ भरायला लागली. मी मागून जाऊन मिठी मारली तर म्हणाली, “सोड, पीठ सांडंल.”

कॉर्कला परतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ओट्यावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि चपात्या केल्या. नंतर ऐकलं... नळाचा आवाज, लाटणं, तवा, एकदा माझं शिंकणं. गाणं नाही. सुटल्यासारखंही वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही. मी बाहेर येऊन म्हटलं, “बघा, काही नाही.”

सोफ्यावर वांजिरू आणि मॅरिसेल एकमेकींकडे बघत होत्या.

“आज नवीन होतं,” मॅरिसेल म्हणाली.

दोघींनी मिळून म्हणून दाखवलं. दोघींचे शब्द जुळत होते —

डोंगराला आवतान गेला गो
डोंगर बोलं, सावली माझी धाडीन गो...

दोघींच्या कानांनी एकच ओळ ऐकली आणि रेकॉर्डिंगमध्ये ती नाही. मी फोन बदलून बघितला, जागा बदलून बघितली. तेच. मी गातेय असं मला कधी जाणवतही नाही. त्या वेळी मी उद्याच्या ड्युटीचा, भाजी काय करायची याचा विचार करत असते.

मॅरिसेलने त्याच रविवारी काकीला फोनवर ती ओळ ऐकवली. काकीने ती परत म्हणायला लावली.

“काकी, हीपण सासूची का?” मी विचारलं.

“नाय गो,” काकी हळूच म्हणाली. “डोंगराचा उत्तर सासूला पन येत नव्हता. तिचे सासूला पन नाय. डोंगर कायच बोलत नाय, असा आमी समजायचो.”

“मग ही ओळ कुणाची? कुठं शोधू?”

“शोधू नको,” ती म्हणाली आणि एकदम हसली, आवाजात असा आनंद की मला किन्हवलीचा अख्खा मांडव दिसला. “तू रांध. रोज रांध गो!”

मला कारण ठाऊक नाही. रांधतेय.