बर्डीवर माझ्या उत्तरेला

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. अमावास्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हटकते. तेव्हा "ताई, अमुक देवाचं नाव घेत जा" असले सल्ले कृपा करून देऊ नका. तरीही इथे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्या इन्स्ट्रुमेंटवर झालं, आणि त्यावरून मलाच खोटं ठरवलं गेलं. राग अजून गेलेला नाही... तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मी मध्य प्रदेशातल्या नेपानगरची. वडील पेपर मिलमध्ये होते, मूळचे जळगावकडचे. मिलच्या क्वार्टरमध्ये वाढले, बुऱ्हाणपूरला कॉलेज केलं, पुढे जिओफिजिक्स. खनिजं शोधणाऱ्या एका खासगी कंपनीत कंत्राटावर लागले. चांदनीच्या पलीकडच्या एका पट्ट्यात कंपनीला खाणीचा हक्क हवा होता, म्हणून तिथे आधी मॅग्नेटिक सर्व्हे करायचा ठरला आणि तो माझ्याकडे आला. इन्चार्ज म्हणून पहिलंच काम. हे नीट पार पडलं तर तुला कायम करतो, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. शिवाय घरून जाऊन-येऊन करायचं, आईच्या हातचं जेवण. मी खुशीत होते.

हा सर्व्हे काय असतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काठीच्या टोकाला सेन्सर असतो. तो घेऊन शेतातून, माळावरून सरळ रेषेत चालत राहायचं; अशा एका रेषेला लाइन म्हणतात. पृथ्वीचं चुंबकत्व कुठे जरा जास्त, कुठे जरा कमी भरतं ते सेन्सर मोजतो, आणि त्यावरून जमिनीच्या पोटात काय असेल याचा अंदाज बांधता येतो. दुसरं एक यंत्र एका जागी ठेवून दिलेलं असतं, त्याला आम्ही बेस म्हणतो. पृथ्वीचंच चुंबकत्व दिवसभरात हललं तर ते बेसवर दिसतं.

यात एकच कडक नियम आहे — चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको. किल्ली, मोबाइल, बेल्ट, बुटातला खिळा, काही नको. पुरुषांचं एवढ्यावर भागतं. बाईला केसांतल्या पिना आहेत, आतल्या कपड्यांतली तार आहे, आणि सेफ्टी पिना तर विचारूच नका. आमच्याकडच्या बायका बांगडीला पिना अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मी नाडीची सलवार, कॅनव्हासचे बूट आणि वेणीला रबर बँड एवढ्यावर फिल्डवर जायचे.

केळीच्या बागा संपतात तिथे एक बर्डी आहे, म्हणजे काळ्या दगडांची बुटकी टेकडी. आमच्या काही लाइन तिच्यावरून जात होत्या. खालची बाग रामदासभाऊंची. बेस आम्ही त्यांच्याच बांधावर ठेवला होता. पहिल्या दिवशी काठी घेऊन मी वर निघाले, तर भाऊंनी अडवलं.

"ताई, खाली हातानं जाऊ राहिल्या का बर्डीवर? काही तरी लोखंडाचं राहू द्या जवळ. हा कोयता घ्या आमचा."

माझं कामच लोखंडाशिवायचं आहे, असं मी त्यांना समजावलं. मग विचारलं, वर आहे तरी काय? ते म्हणाले, काही नाही. कोणी मेलं होतं का? नाही. कोणाला काही दिसलं? तेही नाही. बाप कोयता न्यायचा म्हणून ते नेतात, वर चढलेलं वासरू आणायला गेले तरी कोयता हातात असतो. मला हसू आलं. निदान एखादी हडळ, एखादा मुंजा तरी रचायचा होता! तेवढेही कष्ट कोणी घेतलेले नव्हते.

आमचा ड्रायव्हर-कम-असिस्टंट चौहान मात्र हे ऐकून लगेच बेसजवळ बैठक मारून बसला. "मॅडम, मैं यहीं ठीक हूं." बरं बाबा, बस. मी एकटी चढले. हिवाळ्याचे दिवस होते, ऊन छान वर आलेलं, खाली ट्रकमध्ये केळीचे घड भरणं चाललं होतं. या प्रकारच्या गोष्टीत असतं तसं वातावरण अजिबात नव्हतं.

काळ्या दगडावर आकडे तसेही नाचतात, पावलागणिक खाली-वर. ते मला अपेक्षितच होतं. पण बर्डीच्या पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि नाचता नाचता सगळेच आकडे वर सरकले. कोणी पहार घेऊन सेन्सरजवळ उभं राहिलं तर सरकतील तसे. दुसऱ्या बाजूने उतरले की आकडे जागेवर. पुढच्या लाइनलाही तेच. मी बूट काढून बघितले. झुडपाआड जाऊन बाकीचंही तपासलं. कुठे काही नाही. वरून हाक मारून चौहानला विचारलं, तर बेस एकदम शांत.

खरी मेख पुढे आहे. अंगावर लोखंड राहिलं असेल तर आपण तोंड फिरवलं की आकडाही बदलतो, कारण लोखंड आपल्याबरोबर वळतं. मी उत्तरेकडे तोंड करून उभी राहिले, मग दक्षिणेकडे, मग जागेवर गिरकी घेतली. आकडा ढिम्म. म्हणजे जे काही होतं ते माझ्याबरोबर चालत होतं... पण माझ्याबरोबर वळत नव्हतं. मी कुठेही गेले तरी ते माझ्यापासून एकाच दिशेला राहत होतं. घरी जाऊन हिशेब मांडला तेव्हा ती दिशा उत्तर निघाली.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त चीड आली, कारण माझा डेटा खराब होत होता.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. भाऊंच्या कोयत्याचंही सांगितलं. आई वरण वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच लाइन पुन्हा चालले आणि रीडिंग अगदी स्वच्छ आलं. आकडे दगडावर नाचतात तसे नाचले, वर सरकणं नावाला नाही. मी खूश होऊन साहेबांना लगेच डेटा पाठवला. तिसऱ्या दिवशी बर्डीवरच्या उरलेल्या लाइन घेतल्या, तर पुन्हा पहिल्या दिवसासारखंच.

चिडून घरी आले. आई ओट्यावर बसून माझ्या आदल्या दिवशीच्या सलवारीची पट्टी उसवत होती. त्यातून तिने एक खिळा काढला. आमच्या उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकलेली आहे, तिचा खिळा. गंजून कापडाला डाग पडेल म्हणून काढतेय, असं ती मलाच शांतपणे सांगायला लागली. मी घर डोक्यावर घेतलं. शिक्षण काढलं, नोकरी काढली, तुझ्या खिळ्यापायी माझं काम जाईल म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी रीडिंग कसं आलं तुझं?"

"चांगलं आलं."

"मंग ओरडू काहून राहिली?"

खिळ्याने रीडिंग बिघडायला हवं. एवढ्याशा खिळ्याने फार नाही बिघडणार, कदाचित कळणारही नाही. पण सुधारायला तर मुळीच नको!

मग मी हट्टालाच पेटले. पुढच्या दिवशी खिळा घेऊन एक लाइन चालले, तो चौहानकडे देऊन तीच लाइन पुन्हा चालले, असं दुपारपर्यंत करत राहिले. खिळा असला की स्वच्छ. खिळा नसला की ते हजर. एकदाही चुकलं नाही.

शेवटच्या फेरीला, खिळा खाली चौहानकडे ठेवून, मी बर्डीच्या माथ्यावर थांबले आणि मोठ्याने म्हटलं, "कोण असशील ते अस. माझं काम खराब करू नकोस. बाजूला हो."

आकडा चढायला लागला. झटक्यात नाही, सावकाश... कोणी एक-एक पाऊल जवळ येत असल्यासारखा. मी उत्तरेकडे बघत होते. वाळलेलं गवत, दगड, लांब केळीची हिरवी रेघ. गवताचं पातंसुद्धा दबलं नाही. आकडा एवढा चढला की यंत्राने रीडिंग देणंच सोडून दिलं. सेन्सरच्या अगदी जवळ लोखंड आलं की ते असं करतं. म्हणजे काठीच्या टोकाशी काहीतरी होतं, आणि तिथे काहीही नव्हतं.

मी मागे सरले नाही. उरलेली लाइन पूर्ण चालले आणि माझ्या चालीने खाली उतरले. धावले नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

साहेबांना जसं घडलं तसं सांगितलं. आधी ते हसले. मग म्हणाले, एक दिवस स्वच्छ डेटा आहे ना, तो ठेव. बाकीच्या दिवशी अंगावर चुकून सेफ्टी पिन राहिली होती, असं रिपोर्टमध्ये लिही. एका ओळीचं काम आहे, मी तुझी कायम करण्याची ऑर्डर काढतो.

मी म्हटलं, सर, उलट आहे. स्वच्छ दिवशीच अंगावर लोखंड होतं, बाकीच्या दिवशी नव्हतं. याला साक्षीदार कोण, असं त्यांनी विचारलं. चौहान आणि आई, म्हटलं. "तुझ्या आईचं सर्टिफिकेट जोडू का रिपोर्टला?" असं म्हणून ते पुन्हा हसले. मग आवाज बदलला.

"भुतासाठी नोकरी घालवणार आहेस का तू?"

"भुतासाठी नाही, सर. पिन नव्हती."

गंमत बघा. भूत नाही म्हणणारी मी, आणि नोकरी पणाला लावून त्या बर्डीवर काहीतरी होतं म्हणणारीही मीच. ती एक ओळ लिहिली असती तर सगळं विज्ञानात नीट बसलं असतं. फक्त ते खोटं असतं. ज्या आईने खिळा शिवला तीसुद्धा म्हणाली, लिहून टाक, तुझं काय जातं? माझं बरंच काही जात होतं. मी मोजते, आणि मोजलेलं सांगते. दुसरं मला येतं काय?

मी रिपोर्टमध्ये घडलं तेच लिहिलं. कोणत्या लाइनला खिळा होता, कोणत्या लाइनला नव्हता, शेवटी यंत्र कुठे बंद पडलं, सगळं. कंत्राट पुढे वाढवलं नाही. नकाशात बर्डी कोरी सोडली असं ऐकलं.

मी अजूनही त्याचा उलगडा शोधतेय. यंत्र दोनदा तपासून घेतलं, ठणठणीत आहे. कॉलेजात मला शिकवलेल्या सरांना आकडे पाठवले. त्यांनी मन लावून बघितले आणि मला विश्रांती घ्यायला सांगितली. सध्या दुसरीकडे अर्ज करतेय. इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येतो, आधीचं काम का सुटलं. मी हेच सांगते, आणि लोक चहा पाजून परत पाठवतात. पुढच्या आठवड्यात नागपूरला आणखी एक इंटरव्ह्यू आहे. आई म्हणते, या खेपेला तरी जरा वेगळं सांग. नाही सांगणार. बर्डीवर काय होतं ते मला माहीत नाही, आणि कधी कळेल असंही वाटत नाही. पण माझ्या अंगावर लोखंड नव्हतं.